ओळख आणि समेट : 'उत्पत्ती'तील दोन भ्रातृकथांचा विचार

'भाऊबंद' या शब्दापासून मराठीत 'भाऊबंदकी' हा शब्द निघाला आणि ज्या शब्दाने आप्तभाव व्यक्त व्हावयाचा, तोच कलहाचा वाचक होऊन बसला. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली आपल्या पेशवाईवरील नाटकास हेच नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ प्रेक्षकांस समजावून सांगावा लागला नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे 'उत्पत्ती'चे, वाचन करणाऱ्या मराठी वाचकास हा शब्द पदोपदी आठवल्यावाचून राहत नाही. त्या पुस्तकातील पहिले दोन भाऊ काइन व हाबेल. त्यांतील एक दुसऱ्याचा वध करतो. पुढे इसहाक व इश्माएल, याकोब व एसाव, योसेफ व त्याचे भाऊ अशी एकामागून एक भावंडांची जोडी येते आणि प्रत्येक पिढीत तेढ नव्याने उत्पन्न होते. मात्र पहिल्या कथेत जे घडले ते पुढील कथांत घडत नाही. ते का घडत नाही आणि त्याऐवजी जे घडते त्यास 'समेट' म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या कथांचे श्रद्धाळू वाचन बहुधा एकाच दिशेने होते. योसेफाने भावांना उदार अंतःकरणाने क्षमा केली, एसावाने याकोबाला मिठी मारली, आणि सर्व काही गोड झाले. प्रवचनापुरते हे वाचन ठीक आहे. परंतु मूळ कथनाशी ते प्रामाणिक नाही, असे मला वाटते. श्रद्धेला हानी पोचेल म्हणून मी हे म्हणत नाही. उलट, कथनकाराची श्रद्धा या गोड वाचनाहून कितीतरी अधिक कठोर व अधिक खोल आहे, हे दाखवावे असा हेतू आहे.

प्रथम याकोब व एसाव यांची भेट घेऊ. आंधळ्या पित्याला फसवून याकोबाने थोरल्याचा आशीर्वाद घेतला. हातांना व मानेला करडांची कातडी गुंडाळून त्याने हे साधले. त्या आशीर्वादात, तुझ्या आईचे पुत्र तुला नमन करतील, अशा आशयाचे वचन आहे. त्यानंतर वीस वर्षे तो मामाच्या, लाबानाच्या, घरी राबतो आणि परत निघतो तेव्हा त्याला कळते की एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे. याकोब घाबरतो. माणसांच्या व जनावरांच्या दोन टोळ्या करतो, प्रार्थना करतो, मग भेट पाठवितो. या भेटीची यादी कथनकाराने एखाद्या कारकुनाच्या काटेकोरपणाने दिली आहे : दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, पिलांसह तीस दुभत्या उंटिणी, चाळीस गाई, दहा बैल, वीस गाढवी व दहा गाढवे. पिले सोडून ही संख्या साडेपाचशे होते. एरवी शब्दांची कमालीची काटकसर करणारा हा लेखक येथे इतका हिशेबी का होतो? याकोबाचे मनच या क्षणी हिशेब मांडीत आहे, हे त्याचे कारण. अपराधाची भरपाई जनावरांच्या संख्येने होईल, असा त्याचा अंदाज आहे.

या ठिकाणी मूळ हिब्रू शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. पाठविलेल्या भेटीला याकोब 'मिन्हा' म्हणतो. हा शब्द राजाला द्यावयाच्या नजराण्यास लागतो, तसाच देवापुढे ठेवावयाच्या अर्पणासही लागतो. काइनाने आणलेले व अमान्य झालेले अर्पणही 'मिन्हा'च होते. म्हणजे ज्या शब्दापाशी पहिल्या भावाचा मत्सर जागा झाला, तोच शब्द येथे भावाकडे जाण्याची वाट होतो. दुसरा शब्द 'पानीम', म्हणजे मुख. भेट पाठवितानाच्या याकोबाच्या स्वगतात हा शब्द वारंवार येतो : आपल्या मुखापुढे चाललेल्या भेटीने भावाचे मुख झाकावे, मग त्याचे मुख पाहावे, कदाचित तो आपले मुख वर उचलील. भाषांतरात यांतील बहुतेक 'मुखे' नाहीशी होतात, कारण 'शांत करणे', 'पुढे', 'स्वीकार करणे' असे सोयीस्कर शब्द त्यांची जागा घेतात. परंतु त्यांची पुनरावृत्ती सहेतुक आहे. त्याच रात्री यब्बोकच्या उतारापाशी एक अनाम पुरुष पहाटेपर्यंत याकोबाशी झोंबी घेतो, याकोब लंगडा होतो, आणि त्या स्थळास तो पनीएल, म्हणजे 'देवाचे मुख', असे नाव देतो. दुसऱ्या दिवशी एसावाला पाहताच तो म्हणतो की तुझे मुख पाहणे हे देवाचे मुख पाहण्यासारखे झाले.

हे वाक्य खुशामतीचे आहे, असे काही वाचकांना वाटते. याकोबाचा पूर्वेतिहास पाहता ती शंका अस्थानी नाही. परंतु रात्रीच्या झोंबीनंतर हे वाक्य आल्यामुळे त्याचा अर्थ पालटतो. देवाचे मुख पाहूनही जिवंत राहिलो, हे आश्चर्य त्याने नुकतेच बोलून दाखविले आहे. ज्याला फसविले त्याचे मुख पाहूनही जिवंत राहिलो, हे दुसरे आश्चर्य त्याच जातीचे आहे. धर्मशास्त्र येथे सिद्धांत म्हणून न येता दोन रात्रंदिवसांच्या घटनाक्रमातून येते.

प्रत्यक्ष भेटीत याकोब सात वेळा भूमीपर्यंत लवतो. आशीर्वादात भावाने नमन करावयाचे होते. येथे आशीर्वाद मिळविणाराच नमन करतो. तो भावाला 'माझे स्वामी' म्हणतो व स्वतःला 'तुझा दास' म्हणवितो. एसाव मात्र एकच शब्द वापरतो : 'माझ्या भावा'. आणि जेव्हा एसाव जनावरे घेण्याचे नाकारतो, तेव्हा आग्रह करताना याकोबाच्या तोंडून 'मिन्हा'च्या जागी 'बराखा' हा शब्द निघतो. 'बराखा' म्हणजे आशीर्वाद. वीस वर्षांपूर्वी जे चोरले त्याचेच नाव घेऊन, ते स्वीकार, असे तो म्हणतो. अपराधाची कबुली या कथेत कोठेही सरळ शब्दांत नाही. ती या एका शब्दात आहे. एसावाला तो ऐकू आला की नाही हे लेखक सांगत नाही. तो भेट स्वीकारतो, एवढेच सांगतो.

एसाव धावत आला, त्याने मिठी मारली, गळ्यात पडून चुंबन घेतले व दोघे रडले, असे वर्णन आहे. परंपरागत हिब्रू संहितेत 'चुंबन घेतले' या शब्दाच्या अक्षरांवर ठिपके दिलेले आढळतात. ते कशाचे द्योतक, यावर ज्यू भाष्यकारांत जुना वाद आहे. एका पक्षाने हिब्रूतील 'चुंबन' व 'दंश' या शब्दांच्या उच्चारसादृश्याचा आधार घेऊन, एसावाच्या मनात चावा घेण्याचे होते, असे म्हटले; दुसऱ्या पक्षाने ते चुंबन मनःपूर्वक होते असे म्हटले. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी दोन्ही बाजू नोंदवितो. त्याने उद्धृत केलेल्या एका मताचा आशय असा की एसावाचे वैर सर्वश्रुतच आहे, तथापि त्या घटकेला त्याची करुणा जागी झाली. मला हे मत फार मोलाचे वाटते. कायमच्या स्वभावपरिवर्तनाचा दावा न करता एका घटकेचे खरेपण मान्य करणे, हे साहित्यविवेकाचे लक्षण आहे.

कारण पुढे काय होते? एसाव बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब मुलेबाळे व दुभती जनावरे यांची सबब सांगतो, मागाहून सेईरला येतो म्हणतो, आणि सुक्कोथकडे वळतो. सेईरला गेल्याचा उल्लेख नाही. वडिलांच्या दफनाला दोघे भाऊ एकत्र येतात. नंतर जमीन दोघांच्या गुराढोरांना पुरत नाही म्हणून एसाव दुसऱ्या प्रदेशात राहावयास जातो. आपल्याकडील खेड्यांत हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे : बोलणे सुरू होते, मयताला जाणे-येणे सुरू होते, पण चूल एक होत नाही. पुष्कळ वाचक याला अपुरा समेट म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. दोघांमधील अंतर येथे वैराचे राहिलेले नाही, ते भूगोलाचे झाले आहे, आणि कथनकाराला त्याची खंत वाटत असल्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही.

योसेफाची कथा याहून फार विस्तृत व गुंतागुंतीची आहे. तीत दोन मूळ प्रवाह मिसळले असावेत, असे बायबलचे चिकित्सक सांगतात. एके ठिकाणी रऊबेन त्याला वाचवू पाहतो तर दुसऱ्या ठिकाणी यहूदा, एके ठिकाणी मिद्यानी व्यापारी येतात तर दुसऱ्या ठिकाणी इश्माएली. ही चिकित्सा आवश्यक आहे. परंतु आज आपल्या हाती असलेली कथा एकसंध कलाकृती म्हणून वाचण्याचा मार्ग तिच्यामुळे बंद होत नाही. रॉबर्ट ऑल्टर यांच्या १९८१ सालच्या बायबलमधील कथनकलेवरील ग्रंथानंतर तो मार्ग पुष्कळच रुळला. ऑल्टर यांनी दाखविलेल्या एका दुव्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. (तो दुवा प्राचीन ज्यू भाष्यकारांच्या नजरेतून सुटला नव्हता, हे त्यांनीही नमूद केले आहे.)

भाऊ योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून पित्यापुढे ठेवतात आणि हा ओळखून पाहा, असे म्हणतात. करडाच्या कातड्याने ज्याने बापाला फसविले, तो बकऱ्याच्या रक्ताने मुलांकडून फसविला जातो. लगेच पुढल्या अध्यायात तामार यहूदाची मुद्रा, दोरी व काठी त्याच्यापुढे पाठविते व त्याच शब्दांत त्याला ओळखण्यास सांगते. आणि यहूदा, ती माझ्याहून अधिक न्यायी आहे, अशी कबुली देतो. 'ओळखणे' हे क्रियापद तिसऱ्यांदा येते ते मिसर देशात. भाऊ धान्यासाठी येतात. योसेफ त्यांना ओळखतो, पण त्यांच्यापुढे परका होऊन वागतो. हिब्रूत 'ओळखणे' आणि 'परका होणे' ही दोन्ही क्रियापदे एकसारख्या ध्वनींची आहेत. इंग्रजीत हा खेळ साधत नाही. मराठीला 'त्याने त्यांना ओळखले आणि तो अनोळखी झाला' असे म्हणण्याची सोय आहे. ती भाषांतरकारांनी अवश्य वापरावी.

योसेफ अनोळखी का झाला, हा या कथेतील सर्वांत अवघड प्रश्न. विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. सुकाळाची सात वर्षे व दुष्काळाची दोन धरल्यास ओळख पटते तेव्हा एकोणचाळिसाच्या सुमारास. म्हणजे विरहाची बावीस वर्षे, आणि त्यांतील शेवटची नऊ अधिकाराची. या नऊ वर्षांत पित्याला एक निरोप पाठविणे त्याला अशक्य होते काय? तेराव्या शतकातील भाष्यकार नाखमानिदिस याने हा प्रश्न स्पष्टपणे विचारला आणि स्वप्ने पूर्ण व्हावीत म्हणून योसेफ थांबला, असे उत्तर दिले. उत्तर मला पटत नाही. प्रश्न मात्र सोडता येत नाही. माझ्या मते उत्तर पहिल्या मुलाच्या नावात आहे. मनश्शे हे नाव ठेवताना योसेफ म्हणतो की देवाने मला माझे कष्ट व पितृगृह यांचा विसर पाडला. हा माणूस विसरू पाहत होता आणि देवाचे नाव घेऊन विसरू पाहत होता. समेटाची त्याची इच्छा आरंभापासून होती, हे गृहीत धरणे म्हणजे कथेला शेवटाकडून वाचणे होय.

म्हणूनच भाऊ समोर येताच त्याच्या वागण्यात सूड, भीती आणि माया यांची सरमिसळ दिसते. हेर म्हणून आरोप करणे, तीन दिवस कोंडणे, शिमोनाला ओलीस ठेवणे, गोण्यांत रुपे परत ठेवून त्यांना धास्तावणे, या सर्वांची योजना पहिल्यापासून आखलेली होती, असे म्हणणाऱ्यांना मी सहमत नाही. योजना मधेच जन्मास येते. आणि तिचा क्षण सांगता येतो. दुभाष्याच्या आडून भाऊ आपसांत बोलत असतात, हा आपली भाषा जाणत नाही असे समजून. आणि म्हणतात की आपण भावाबद्दल खरोखर अपराधी आहोत, तो विनवीत असता त्याच्या जिवाचा आकांत आपण पाहिला व ऐकले नाही. योसेफ बाजूस होऊन रडतो. आता मूळ प्रसंगाकडे परत जाऊन पाहावे. कोरड्या विहिरीत टाकल्याचे वर्णन आहे, भाऊ जेवावयास बसल्याचे आहे, वीस रुप्याच्या नाण्यांना विकल्याचे आहे. योसेफाच्या विनवणीचा एकही शब्द तेथे नाही. लेखकाने तो आकांत बावीस वर्षे राखून ठेवला आणि अपराध्यांच्याच तोंडून ऐकविला. पीडिताचा आवाज अपराध्याच्या स्मरणात जिवंत आहे, हे योसेफाला कळते ते येथे. एरिख आउअरबाख यांनी 'मिमेसिस'मध्ये (१९४६) बायबलच्या कथनातील अनुच्चारित पार्श्वभूमीविषयी जे म्हटले, त्यास याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण.

येथून पुढील कसोटी बन्यामीनाभोवती फिरते. तो राहेलीचा दुसरा मुलगा, पित्याचा नवा लाडका. मेजवानीत त्याला इतरांच्या पाचपट वाटा दिला जातो, सर्वांच्या डोळ्यांदेखत. मग त्याच्या गोणीत रुप्याचा प्याला सापडतो आणि इतरांना घरी जाण्याची मोकळीक मिळते. मूळ परिस्थिती तंतोतंत पुन्हा उभी केली आहे : लाडका भाऊ, परक्या देशातील दास्य, रिकाम्या हाताने बापाकडे जाण्याची संधी. मैमोनिडीसने पूर्ण पश्चात्तापाची जी व्याख्या केली ती अशी की तोच प्रसंग पुन्हा यावा, पाप करण्याचे सामर्थ्य असावे, आणि माणसाने ते करू नये. ही व्याख्या या प्रसंगासाठी केल्यासारखी वाटते.

त्यावेळी पुढे येतो यहूदा. विक्रीची कल्पना त्याचीच होती. त्याचे भाषण हे 'उत्पत्ती'तील दीर्घ भाषणांपैकी एक आहे आणि माझ्या मते संपूर्ण कथेचा कळस तेच आहे. योसेफाचे अश्रू हा त्याचा परिणाम होय. या भाषणात यहूदा पित्याचे शब्द सांगतो, आणि त्यांत, माझ्या पत्नीने मला दोन पुत्र दिले, हे वाक्यही सांगतो. सांगणारा लेआचा मुलगा आहे. पित्याच्या लेखी राहेल तेवढी पत्नी, आणि आपण व आपली आई हिशेबात नाही, हे ज्या वाक्यात स्पष्ट होते ते वाक्य तो कडवटपणाचा लवलेश न आणता, पित्याच्या बाजूने, परक्या अधिकाऱ्यापुढे मांडतो. ज्या पक्षपातामुळे भावाला विकले, तो पक्षपात नाहीसा झालेला नाही. याकोब बदललेला नाही. बदलला आहे तो यहूदा. पित्याचे प्रेम असमान आहे हे मान्य करून, त्या प्रेमाच्या विषयासाठी तो स्वतः गुलाम व्हावयास तयार होतो. न्याय मिळाल्यावर समेट करणे सोपे असते. येथे अन्याय तसाच ठेवून तो साधला आहे.

योसेफ ओळख देतो. आपण भावांना भरतभेटीची आठवण करून देणे येथे गैर ठरेल, कारण राम व भरत यांच्यात वैर नव्हतेच. जवळचे उदाहरण महाभारतातील कर्णाचे. तेथेही ओळखच निर्णायक असते. परंतु कुंती पांडवांना ती सांगते तेव्हा जलांजलीची वेळ झालेली असते. 'उत्पत्ती'त ओळख वेळेवर होते, हा दोन्ही परंपरांतील मोठा भेद आहे. भाऊ मात्र भीतीने मूक होतात. योसेफ प्रत्येकाच्या गळ्यात पडून रडतो, आणि त्यानंतर, असे लेखक म्हणतो, त्याचे भाऊ त्याच्याशी बोलले. काय बोलले ते सांगितलेले नाही. कथेच्या आरंभी, भाऊ त्याच्याशी 'शालोम'ने, म्हणजे सलोख्याने, बोलू शकत नव्हते, असे विधान होते. त्याची पूर्ती एवढ्या एका क्रियापदात केली आहे.

आता वादाचा मुद्दा. ओळख देताना योसेफ म्हणतो की तुम्ही मला येथे पाठविले नाही, देवाने पाठविले. गेर्हार्ड फॉन राड यांच्यासारख्या थोर भाष्यकारांनी या उद्गारात कथेचा गाभा पाहिला. परंतु या वाक्यात एक धोका आहे, याची जाणीव ठेवणे जरूर आहे. सर्व ईश्वराने घडविले असेल तर अपराध कोणाचा? आणि अपराधच नसेल तर क्षमा कशाची? भावांना या उद्गाराने समाधान मिळाले नव्हते, हे कथाच दाखविते. याकोब मिसर देशात सतरा वर्षे जगतो. योसेफ पित्याजवळ जितकी वर्षे बालपणी होता, तितकीच. त्याच्या मृत्यूनंतर भाऊ घाबरतात : आता योसेफ सूड घेईल. ते निरोप पाठवितात की मरणापूर्वी पित्याने तुला क्षमा करावयास सांगितले आहे. याकोब असे बोलल्याचे पूर्वी कोठेही आलेले नाही. निरोप बहुधा रचलेला आहे. सतरा वर्षे एकत्र काढल्यावरही त्यांना खोट्याचा आश्रय घ्यावा लागतो. योसेफ पुन्हा रडतो.

या वेळचे त्याचे उत्तर वेगळे आहे. मी देवाच्या ठिकाणी आहे काय, असे तो विचारतो. आणि पुढे म्हणतो की तुम्ही वाईट योजिले, देवाने तेच चांगल्यासाठी योजिले. पहिल्या वेळी 'तुम्ही नव्हे' असे होते. आता 'तुम्ही' आले आहे. दोन्ही योजनांना हिब्रूत एकच क्रियापद लावले आहे. ईश्वरी योजना मानवी दुष्टपणा पुसून टाकीत नाही, त्याच्या शेजारी उभी राहते. पहिल्या उद्गाराहून हा दुसरा मला अधिक परिपक्व वाटतो, आणि फॉन राड यांनी दोहोंना जवळजवळ एकच वजन दिले, ही त्यांच्या विवेचनातील उणीव मानतो. आणखी एक गोष्ट : भाऊ क्षमेची याचना करतात, पण 'मी क्षमा केली' असे शब्द योसेफाच्या तोंडी संपूर्ण कथेत नाहीत. तो म्हणतो, भिऊ नका. तुमचे व तुमच्या मुलाबाळांचे पोषण मी करीन. क्षमेचा अधिकार देवाकडे ठेवून तो धान्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो. शिवाय हे ईश्वरी योजनेचे विधान करण्याचा अधिकार ज्याला विकले त्याचाच आहे. तेच वाक्य भावांनी उच्चारले असते तर ते निर्लज्ज ठरले असते. लेखकाने ते त्यांच्या तोंडी एकदाही घातलेले नाही.

नव्या करारात या कथांचे पडसाद उमटतात, पण त्यांचा विस्तार करण्याचे येथे कारण नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण सोडून प्रथम भावाशी समेट करण्याची आज्ञा आहे. 'मिन्हा'च्या दोन्ही अर्थांची ती जणू फेरजुळणी होय. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताकडे मात्र थोडे थांबून पाहावयास हवे. तेथे धावत जाऊन गळ्यात पडणारा व चुंबन घेणारा पिता आहे. त्या वाक्याची ग्रीक शब्दकळा एसावाच्या भेटीच्या प्राचीन ग्रीक भाषांतराशी इतकी जवळची आहे की हा योगायोग मानणे कठीण जाते. फसविल्या गेलेल्या थोरल्या भावाची कृती येथे पित्याकडे गेली आहे. आणि दृष्टांतातला थोरला भाऊ शेतावरून येऊन दाराबाहेर उभा आहे. धाकट्याचा उल्लेख तो 'हा तुमचा मुलगा' असा करतो. पिता ते शब्द फिरवून 'हा तुझा भाऊ' असे म्हणतो. आत वाद्ये वाजत आहेत, पिता बाहेर येऊन समजूत घालतो आहे, आणि थोरला आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही.